द्वारकीचं विरजण

चहाच्या आधी लाळपट्टी जिभेवर ठेवायची, हे आता वाडीत दात घासण्याइतकंच अंगवळणी पडलं होतं. अंगणवाडीतून महिन्याला तीस पट्ट्या मिळत. पट्टी पिवळी राहिली तर दिवस सुखाचा. हिरवी झाली तर साखर वाढलेली. तांबूस झाली तर हिरड्यांत सूज. काळपट झाली तर दुखणं आत पोचलेलं. हौसाबाईची पट्टी त्या दिवशी सलग तिसऱ्यांदा काळपट झाली. पायऱ्या चढताना दम लागत होताच. धाकटा मुलगा संपत तिला गाडीत घालून दहिवडीच्या दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टर नाझिया शिकलगार तरुण होत्या, पण बोलणं घाईचं नव्हतं. त्यांनी हौसाबाईचं तोंड पाहिलं, छातीचं चित्र काढलं आणि खुर्ची जवळ ओढून बसल्या.

"आजी, तुमच्या हृदयाची एक झडप खराब झालीय. सुरुवात मात्र तोंडातून झाली. हिरड्या सडल्या की प्रत्येक घासाबरोबर तिथले जंतू रक्तात उतरतात. तुमचे जाऊन झडपेवर बसलेत. साखरही त्यामुळेच आटोक्यात येईना."

"मग झडप बदला," संपत म्हणाला.

"बदलू. पण तोंड असंच राहिलं तर नवी झडपही वर्षभरात नासेल. आधी तोंड सुधारायला हवं."

त्यांनी समजावून सांगितलं. प्रत्येकाच्या तोंडात चांगल्या जंतूंची एक वस्ती असते. ती वाईटांना पाय ठेवू देत नाही. वीस वर्षं जालीम औषधांनी चुळा भरून आणि हरएक तापाला गोळ्या खाऊन हौसाबाईची ती वस्ती उठून गेली होती. मोकळ्या पडलेल्या रानात नको तेच उगवलं होतं. आता निरोगी माणसाच्या तोंडातली वस्ती घेऊन तिथं लावायची. सरकारी कागदात त्याला मुखजंतुरोपण म्हणत. लोक साधं विरजण म्हणत.

"म्हंजे दुसऱ्याची थुंकी?" संपतने तोंड वाकडं केलं.

"थुंकी नव्हे. गाळून, तपासून, सायीसारखा पातळ थर. पण तो जमायला हवा. परक्याचं विरजण रुजायला सहा महिने लागतात. आजींच्या हातात सहा आठवडे आहेत."

हौसाबाईच्या तोंडात जुन्या वस्तीचे थोडे जंतू उरले होते. डॉक्टरांनी त्यांची जात नोंदींशी ताडून पाहिली. तालुक्यातल्या सोळा हजार माणसांत एकच तोंड जुळलं, आणि तेही असं, की डॉक्टरांनी यंत्र दोनदा चालवून पाहिलं. सख्ख्या बहिणींचं जुळावं तसं होतं.

नियमाप्रमाणे देणारी आणि घेणारी यांना समोरासमोर बसवून संमती घ्यावी लागे. दुसऱ्या दिवशी सकाळी एक उंच, वाळकी म्हातारी आत आली. हातात दात घासायची बाभळीची काडी होती. तिने हौसाबाईकडे निरखून पाहिलं.

"काय गं हौसे, दात कुठं सांडलेस?"

हौसाबाई हा आवाज ओळखायला क्षणभरही थांबली नाही. साठ वर्षांत त्यात फक्त खरखर वाढली होती.

"द्वारके! तुझे तेवढे कसे राहिले?"

"मला लाडू कुणी दिले न्हाईत, म्हणून राहिले."

डॉक्टर हसल्या. "तुम्ही दोघी एका घरात वाढलात का? दोघींचे जंतू एकाच कुळाचे आहेत. लहानपणी एकमेकींच्या तोंडचं खाल्ल्याशिवाय असं होत नाही."

हौसाबाईच्या डोळ्यांपुढे माणदेशातला तो उजाड माळ उभा राहिला. शाळा सुटली की दोघी तिथे जात. द्वारकीचा बाप रामा घायपाताच्या दोऱ्या वळायचा, त्यामुळे काट्याकुसळ्यांशी कसं वागायचं ते तिला ठाऊक. ती निवडुंगाचं लाल बोंड काठीने पाडायची, दगडावर घासून त्याची लव काढायची, अर्धं स्वतः खायची आणि अर्धं हौसाला द्यायची. रस हनुवटीपर्यंत ओघळायचा. मग जिभा बाहेर काढून कुणाची जास्त लाल ते बघायचं. तितकं गोड हौसाबाईने पुढे कधी काही खाल्लं नाही. लग्नातल्या पंगतीतसुद्धा नाही.

"मूळ कुणाचं मग?" संपतने विचारलं. "आईचं हिच्याकडं गेलं, का हिचं आईकडं?"

"ते यंत्राला सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "इकडून तिकडं, तिकडून इकडं इतक्यांदा गेलंय की आता वेगळं काढता येत नाही."

त्यांनी अंगठ्याची पाटी पुढे केली. हौसाबाईने अंगठा लावला. द्वारकाबाईने हात पदराखालून काढला, पण पाटीवर ठेवला नाही.

"आधी एक विचारते. त्या दिवशी तुझी आज्जी माळावर आली. तू काय बोललीस, ध्यानात हाय का?"

हौसाबाईने मान खाली घातली. "संपत, बाबा, जरा चहा सांगून ये."

"त्याला बसू दे," द्वारकाबाई म्हणाली.

हौसाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"आज्जीनं विचारलं, हिचं उष्टं कसं खाल्लंस. तिच्या हातात काठी होती. मी म्हनलं, द्वारकीनं बळंच तोंडात घातलं."

"घातलं हुतं?"

"न्हाई. मीच मागितलं हुतं. रोजच मागायची."

संपत आईकडे बघतच राहिला.

"माझ्या बापाला तुमच्या दारात सकाळपासनं दुपारपातुर उन्हात उभा केला," द्वारकाबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माझी शाळा सुटली. त्याचंबी काय न्हाई. पण बाप मरेपातुर मला विचारायचा, खरंच घातलंस का गं? मी न्हाई म्हणायची. त्याला खरं वाटलं का न्हाई, ते मला कधी कळलंच न्हाई."

"द्वारके..."

"रडू नगंस. नाक गळायला लागलं तर डॉक्टरीणबाईंचं काम वाढंल."

तिने पाटीवर अंगठा दाबला.

पुढचे एकवीस दिवस द्वारकाबाई रोज सकाळी लेकीच्या घरून चालत यायची. तिच्या दातांवरून मऊ कापसाने थर घेतला जायचा, तासभर यंत्रात तपासला जायचा आणि हौसाबाईच्या धुतलेल्या हिरड्यांवर लावला जायचा. तो तास दोघी बाकावर बसून असायच्या. कोण मेलं, कुणाची लेक कुठे दिली, कुणाच्या सुनेने वेगळी चूल मांडली, सगळं निघायचं. मास्तरांची नक्कल द्वारकाबाई अजून तशीच करायची. एकदा दोघी इतक्या हसल्या की परिचारिकेने दटावलं.

"तीन यत्ता एका फळीवर बसलो गं," हौसाबाई एकदा म्हणाली. "मग एकदम सगळं थांबलं. माळावर एकटी जायची मी. बोंडं दिसायची, पण काढता यायची न्हाईत."

"काटं काढायला शिकली असतीस तर आली असती," द्वारकाबाई म्हणाली.

सोळाव्या दिवशी काळपट पट्टी तांबूस झाली. एकविसाव्या दिवशी पिवळी. साखरही उतरली. झडपेची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाल्या, "घरात लहान बाळ आहे ना? पूर्वी आम्हीच सांगायचो, बाळाला चावून भरवू नका. आता तुम्ही खुशाल भरवा. हे विरजण तिच्या तोंडात लागलं तर तिला पुढे तुमच्यासारखं सोसावं लागणार नाही. पण पहिले दात येताहेत तोवरच लागतं."

घरी बायका बघायला आल्या होत्या. थोरली जाऊ तानूबाई पुढे बसली होती. सून केतकीने दहा महिन्यांच्या रेवाला सासूच्या मांडीवर दिलं आणि ताटलीत दुधात कुस्करलेली भाकरी आणली.

"पुण्याचं औषध म्हंजे भारीच की," तानूबाई म्हणाली. "संपत सांगत हुता, कुठल्या मोठ्या कंपनीचं हाय म्हणून."

दाराशी उभा असलेला संपत आईकडे न बघता चपला सरळ करू लागला.

"भरवा ना, आई," केतकी म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय तर आजपासूनच सुरू करा."

हौसाबाईने घास तोंडात घेतला, हळूहळू मऊ केला आणि बोटाच्या टोकावर काढला. रेवाने चिमणीसारखं तोंड उघडलं. खालच्या हिरडीवर दोन पांढरे ठिपके दिसत होते. गप्प राहणं किती सोपं होतं! घास आत गेला असता, काम झालं असतं, कुणाला कळलंही नसतं.

बोट बाळाच्या ओठाशी थांबलं.

"पुण्याचं न्हवं," ती म्हणाली. "माझ्या माहेरचं हाय. दोरवाल्या रामाच्या द्वारकीच्या तोंडातलं. तिनं दिलं म्हणून मी बसलेय."

तानूबाईचा हात तोंडावर गेला. कुणीतरी पाट सरकवून मागे झालं. केतकीने नकळत बाळाच्या पाठीखाली हात घातला होता. तो ना बाळाला उचलत होता, ना सोडत होता. रेवा तोंड उघडं ठेवून वाट बघत होती.

हौसाबाईने सुनेच्या डोळ्यांत पाहिलं.

"लेकरू तुझं हाय, केतकी. आता सांग, घालू का घास?"