माझी माणसं आहेत

ही घडलेली गोष्ट आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. माझी मोठी मावशी आयुष्यात एकदा फार मोठं खोटं बोलली, आणि ते खरोखर खोटं होतं का, हे तिला मरेपर्यंत कळलं नाही.

तेव्हा मोबाईल नव्हते. हिवाळ्यातली दुपार होती, पण धुकं असं पडलं होतं की रस्त्यावरचे दिवे भर दुपारी लावून ठेवले होते. मावशीचं घर लष्करी दवाखान्याच्या अगदी समोर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दवाखान्याचं फाटक दिसायचं.

दिसायचं एवढंच. आत जायला कार्ड लागायचं.

मावशीकडे कार्ड होतं. तिचा एकुलता एक मुलगा फौजेत होता ना! पण वर्षभरापूर्वी तो सीमेवर बेपत्ता झाला. मेला म्हणावं तर पुरावा नाही, जिवंत म्हणावं तर पत्ता नाही. कार्ड बंद झालं.

कार्ड नसलेल्यांसाठी त्या फाटकावर एक रीत होती. नियमात कुठेच नव्हती, पण सगळे पाळायचे. आत-बाहेर करणाऱ्या एखाद्या जवानाने "माझी माणसं आहेत" एवढं म्हटलं, की पहारेकरी आडवा दांडा वर करायचा. गावातले लोक याला 'नातं लावणं' म्हणायचे. जवानही मोठ्या मनाचे. एकदा मिसरूड न फुटलेल्या एका पोराने एका म्हाताऱ्याला चक्क सासरा म्हणून आत नेलं. मिशीवाल्या पहारेकऱ्याने विचारलं, "तुझं लग्न कधी झालं रे?"

"बोलणी चाललीत," पोरगा म्हणाला.

मावशी मात्र या रीतीपासून चार हात लांब. तिचा गुडघा सुजून भोपळा झाला होता तेव्हा एक जवान स्वतःहून म्हणाला होता, "चला आई, माझं नाव सांगा."

मावशी फणकारली. "मला माझा मुलगा आहे. दुसऱ्याची आई कशाला होऊ?"

लंगडत घरी परत आली. दुसऱ्याची आई झालो तर आपला मुलगा गेला हे कबूल केल्यासारखं होईल, असं तिच्या मनाने घेतलं होतं. कुणाचं ऐकेल तर शपथ.

त्या दुपारी तिची नात चिमणी तापाने फणफणली होती. सून कारखान्यात पाळीवर. घरात या दोघीच. बघता बघता पोरीच्या घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला... मग ओठ निळे पडू लागले.

कोपऱ्यावरच्या कंपाउंडरने एक नजर टाकली आणि हात जोडले. "काकू, हिला ऑक्सिजन लागणार. तो समोरच आहे. शहराचा रस्ता धुक्याने बंद झालाय."

मावशी पोरीला छातीशी धरून फाटकावर धावली.

"कार्ड?" मिशीवाल्याने विचारलं. तो ओळखीचा होता, त्यालाही ते विचारताना जड गेलं.

"तुम्हाला ठाऊक आहे की हो सगळं!"

"ठाऊक आहे, काकू. पण आज वर मोठे साहेब आलेत. कुणीतरी आपला माणूस येऊ द्या. एक शब्द बोलला की सोडतो."

पण येणार कोण? धुक्यात रस्ता रिकामा. एरवी तिथे जवानांची वर्दळ असायची. त्या दुपारी चिटपाखरू नव्हतं.

चिमणीच्या घशातली शिट्टी बारीक होत चालली...

मावशीने आयुष्यात कधी हात पसरले नव्हते. त्या दिवशी ती धुक्याकडे बघून ओरडली, "अरे, कुणाची तरी आई म्हणा रे मला! कुणाचीही म्हणा!"

शिट्टी थांबली.

आणि फाटकाच्या आतल्या बाजूने... कुणीतरी आलं.

खडीवरून चालत आलं, पण खडी वाजली नाही. हे तिला नंतर आठवलं. अंगावर दवाखान्याचे कपडे, चेहऱ्याला डोळ्यांपर्यंत पट्ट्या, दोन्ही हातांना पट्ट्या. करपल्यासारखा वास.

"माझी माणसं आहेत," तो म्हणाला. घोगरा, भाजलेला आवाज. "आत सोडा. माझी आई आहे."

मिशीवाल्याने दांडा वर केला.

तो पुढे, मावशी मागे. लांब व्हरांडा होता. तिथे फक्त तिच्याच चपलांचा आवाज येत होता... वळणावर तो थांबला. मागे न बघता त्याने उजवा हात मागे केला. बोटं उघडी.

मावशी जागीच थांबली.

तिचा मुलगा असाच करायचा. रस्ता ओलांडताना पुढे चालायचा आणि न बघता हात मागे करायचा, आईने धरावा म्हणून. पण तशी सवय काय, दहा जणांना असते.

तिला तो हात धरायचा होता. पण कडेवर पोर होतं. दोन्ही हात गुंतलेले. क्षणभर वाट बघून त्याने हात खाली घेतला आणि समोरचं दार दाखवलं.

आत डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पोरीला उचललं, नळी लावली, सुई टोचली. किती वेळ गेला देव जाणे. मग चिमणी जोरात खोकली आणि भोकाड पसरून रडली. मावशी भिंतीला टेकून खाली बसली आणि तीही तशीच रडली.

डोळे पुसून ती सिस्टरला म्हणाली, "तो पट्टीवाला मुलगा कुठे आहे हो? त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचाय."

सिस्टरने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं.

"पट्टीवाला आमच्याकडे एकच होता, काकू... तो आज सकाळी गेला."

मिशीवाल्याला बोलावलं. तो शपथेवर सांगू लागला की आत्ता, या डोळ्यांनी बघितलं. मग सिस्टरचा चेहरा बघून त्याने टोपी काढली. त्या थंडीत त्याला घाम फुटला होता.

शेवटच्या खोलीत तो झोपवलेला होता. सीमेवरच्या जळालेल्या गाडीतून आणला होता. नाव सांगण्याइतकी शुद्ध त्याला कधी आलीच नाही. आता कुणी ओळख पटवली नाही तर उद्या बेवारस म्हणून निरोप देणार होते.

मावशीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. उंची तेवढीच वाटत होती. पण पडलेल्या माणसाची उंची कळते कुठे? पाय भाजलेले. चेहरा तर नव्हताच. नऊ महिने पोटात वाढवलेलं पोर हेच का, हे आईला कळू नये? तिला कळलं नाही. या गोष्टीची लाज तिला शेवटपर्यंत वाटत राहिली.

तिने तो उजवा हात हातात घेतला. थंडगार होता.

"माझा माणूस आहे," ती म्हणाली. "माझा मुलगा आहे."

"खात्री आहे तुमची?" डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं.

"त्याने फाटकावर माझी खात्री करून घेतली होती का?"

डॉक्टरीणबाईंनी सहीसाठी कागद पुढे केला.

मावशीचा मुलगा सरकारदरबारी मेला. कार्ड पुन्हा सुरू झालं. सुनेने आकांत केला. "सासूबाई, ओळख पटली नव्हती तर कशाला हो म्हणालात? मारून टाकलंत तुम्ही त्यांना!" त्या दिवसापासून मावशीने घराच्या दाराला कडी लावणं सोडलं. "तो माझा नसेल," म्हणायची, "तर माझा अजून यायचाय."

काही आठवड्यांनी मिशीवाल्याने तिला रस्त्यात गाठलं. इकडे तिकडे बघत म्हणाला, "काकू... काल परत आला होता तो. एका म्हातारीला आत घेऊन गेला."

"काय म्हणाला?"

मिशीवाला घुटमळला. "माझी आई आहे, म्हणाला."

मावशी घरी येऊन न जेवता पडून राहिली. तो सगळ्यांनाच आई म्हणत असेल, तर तो आपला कशावरून? आणि आपलाच असेल, तर त्याला एक आई का पुरू नये? दोन्हीकडून जीव तुटायचा. पण नंतर तिने एक मात्र केलं. फाटकावर कुणी बाई अडकलेली दिसली, की ही आपलं कार्ड घेऊन जायची. "माझी बहीण आहे, सोडा." गावात तिला इतक्या बहिणी झाल्या की मिशीवाला म्हणायचा, "तुमच्या आईची कमाल आहे, काकू."

अशीच वर्षं गेली. मिशीवालाही गेला. गेल्या हिवाळ्यात मावशीला झटका आला. चिमणी आता मोठी, दोन मुलांची आई. तिने आजीला पाठीवर घेऊन समोरच्या फाटकावर आणलं. घाईत कार्ड काही सापडलं नाही.

पहारेकरी नवा होता. "कार्डाशिवाय नाही, ताई."

चिमणी रडली, हाता-पाया पडली. तो फोन करायला त्याच्या खोपटात गेला. बाहेर धुकं होतं... आतला रस्ता रिकामा होता. चिमणी तिकडेच बघत होती, तिला कुणी दिसलं नाही.

पहारेकरी बाहेर आला आणि त्याने दांडा वर केला.

"आधी सांगायचं ना, ताई. तुमचा माणूस आत्ताच मागच्या खिडकीशी सांगून गेला. माझी आई आहे, म्हणाला."

सकाळपासून मावशीची वाचा गेली होती. पण तिने त्या पहारेकऱ्याची बाही घट्ट पकडली. ओठ वाकडे झालेले, तरी शब्द स्पष्ट आले.

"चेहरा दिसला का रे त्याचा?"

"नाही, आजी. पट्टी होती ना."

मावशीने बाही सोडली. चिमणी म्हणते, इतकं हताश होऊन काही सोडताना तिने दुसरं कुणाला बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मावशी गेली. सिस्टरने चिमणीला आत नेलं तेव्हा आजीचा हात पांघरुणाबाहेर, पुढे केलेला होता. बोटं मिटलेली होती, कुणाचा तरी हात धरल्यासारखी. ती उघडायला दोघींना जोर लावावा लागला. तळव्याला करपल्याचा वास येत होता.

मध्यंतरी मी चिमणीकडे गेलो होतो. झोपायच्या वेळी बघतो तर दार नुसतं लोटलेलं.

"अगं, आता कशाला?" मी म्हणालो. "आजीला तिचा मुलगा घेऊन गेला की."

चिमणी अंथरूण घालता घालता थांबली.

"आणि तो माझा बाबा नसला तर?"

कडी लावायचा धीर मला झाला नाही. त्या रात्री मी दाराकडे तोंड करून पडून राहिलो, आणि तेव्हापासून त्या घरी मुक्काम करत नाही.