खापऱ्यांची भरड

ओफोरिवाचा हात मातीत चांगला चालायचा आणि जीभ त्याहून चांगली. शाळेत कला शाखेच्या मुलींना कोणी मोजत नसे. विज्ञानवाल्या त्यांना ‘रंगारणी’ म्हणून चिडवायच्या. शेवटच्या वर्षाचं प्रात्यक्षिक म्हणजे मातीचं एक डोकं, जिवंत माणूस समोर बसवून केलेलं. त्यात अव्वल दर्जा मिळाला तर कुमासीचं कला महाविद्यालय. नाही मिळाला तर मावशीच्या खाणावळीत जन्मभर फूफूसाठी उकडलेले कंद कुटत बसायचं.

समोर बसायला तिनं कोनाडूला धरलं. कोनाडू पहिल्या वर्षाची, वसतिगृहाच्या रिवाजाप्रमाणे ओफोरिवाच्या वाट्याला आलेली. सीनियरचं पाणी भरायचं, कपडे धुवायचे, बोलणी खायची आणि वर ‘थँक्यू, सिस्टर’ म्हणायचं. हे सगळं ती इतकं मुकाट्यानं करी की ओफोरिवाला तिचा रागच येई.

जाड माती आगीत फुटते, म्हणून तिच्यात जुन्या खापऱ्यांची भरड मळा, असं टुमासी सरांनी सांगितलं होतं. बाकीच्या मुली बाजारापलीकडे कुंभारणींच्या वस्तीवर गेल्या. ओफोरिवा कशाला एवढी पायपीट करते! शाळेच्या मक्याच्या शेतामागे, जुन्या सावरीखाली, खापऱ्यांचा नुसता खच पडला होता.

“सिस्टर, ती मडक्यांची जागा आहे,” कोनाडू म्हणाली. “गेलेल्या माणसांची मातीची डोकी घडवून ठेवायचे तिथे.”

“मग? गेलेली माणसं मॅट्रनकडे तक्रार घेऊन येणार आहेत?”

“आजी म्हणायची, तिथलं काही उचलायचं नाही.”

“मग आजीलाच बोलव खापऱ्या आणायला. जा, टोपली घे. आणि रमतगमत येऊ नकोस.”

गेली बिचारी. तिनं आणलेल्या एका खापरीवर मिटलेला डोळा होता, दुसरीवर अर्धं नाक. ओफोरिवानं सगळ्या खापऱ्या उखळात टाकल्या आणि कुटायलाही कोनाडूलाच बसवलं.

हरमॅटनचा कोरडा वारा सुटला होता. ओठ फुटत होते, धुळीनं बाकं पांढरी पडत होती. डोकं मात्र पहिल्या दिवसापासून झरझर जमत गेलं. ओफोरिवानं बोट टेकवावं आणि गाल आपल्या जागी जाऊन बसावा. कोनाडूला मान हलवायची बंदी होती. हलली की पट्टी.

“वा!” टुमासी सर म्हणाले. एवढं कौतुक त्यांनी कधी कोणाचं केलं नव्हतं. “ही कोण, ते न विचारता कळतंय. नाव काय मुलीचं?”

“कोनाडू, सर. ही काय, समोरच बसलीय.”

सरांनी समोर पाहिलं, पुन्हा मातीकडे पाहिलं आणि पुढच्या बाकाकडे गेले.

त्याच आठवड्यात कोनाडू रिकामी ताटली घेऊन आली. जेवणघरातल्या बाईनं तिला हाकललं होतं. तू आमची नाहीसच, म्हणाली. ओफोरिवानं तिला मूठभर गारी, म्हणजे कसाव्याचा भाजका रवा, भिजवून दिली आणि हसून घेतलं. मुलींची डोकी एकजात भादरलेली, गणवेश एकच, होतात अशा चुका. मग कोनाडूच्या खोलीतल्या मुली तिला ‘नवीन’ म्हणू लागल्या. वर्गात तिच्या नावाची हाक झाली, ती ‘हजर’ म्हणाली, आणि बाई म्हणाल्या, “तू खाली बस. कोनाडू कुठाय?”

एका सकाळी ओफोरिवानं मातीवरचं ओलं फडकं काढलं. भुवईजवळ तीळ होता. तो तिनं केलेला नव्हता.

तिनं कोनाडूची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. तिच्या भुवईजवळ आता तीळ नव्हता. नुसतं भुवईजवळच नाही, त्या तोंडावर लक्षात राहावं असं काहीच उरलं नव्हतं. ओफोरिवा घाबरली, चांगलीच घाबरली.

“मोडा ते, सिस्टर,” कोनाडू म्हणाली. “अजून ओलं आहे. रविवारी माझी आई भेटायला येणार आहे. तिनं ओळखलं नाही तर?”

“वेडी आहेस का? आई कशी ओळखणार नाही?”

“मी पुन्हा बसते ना समोर. हलणार नाही. कितीही वेळ बसते.”

ओफोरिवानं मातीकडे पाहिलं. असं डोकं तिच्या हातून पुन्हा होणार नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“परीक्षक बघून गेले की तुझ्यासमोर फोडते,” ती म्हणाली. “माझी शपथ.”

“थँक्यू, सिस्टर.”

शुक्रवारी भट्टी लागली. कोनाडू दिवसभर धुरात उभी राहून लाकडं पुरवत होती. ओफोरिवानंच तिला ते काम लावलं होतं.

दोन डोकी फुटली. ओफोरिवानं घडवलेल्या डोक्याला तडासुद्धा गेला नाही. फक्त तिनं उघडे केलेले डोळे मिटून बाहेर आले.

रविवारी परीक्षक आले. त्या डोक्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि ओफोरिवाचा हात हातात घेऊन म्हणाले, “कुमासीत भेटू.”

ते पाठमोरे होताच कोपऱ्यातली एक मुलगी पुढे आली. “सिस्टर, आता फोडा.”

ओफोरिवानं डोकं दोन्ही हातांनी उचललं. किती सुबक झालं होतं ते!

“थोडं थांब,” ती म्हणाली. “सगळ्यांना बघू तर दे.”

तेवढ्यात दारातून एक बाई आली, काखेत डबा, अंगावर ठेवणीतलं कापड. मुलगी धावली आणि तिच्या कमरेला बिलगली. “आई!”

बाईनं तिच्या भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. “तुझीही आई येईल हं. रडू नये. आमची कोनाडू कुठाय गं?”

मग तिची नजर ओफोरिवाच्या हातांकडे गेली.

डबा खाली पडला. भात फरशीवर सांडला.

“कधी गेली?” बाई म्हणाली. “मला कळवलं का नाही?”

सरांनी टोपी काढली. बाईनं ते डोकं ओफोरिवाच्या हातातून काढून घेतलं आणि छातीशी धरलं. ओफोरिवाला एकच वाक्य बोलायचं होतं. ते तिच्या ओठांवर आलं. पण मग परीक्षकांच्या डोळ्यांदेखत ते डोकं फोडावं लागलं असतं, आणि गुण लिहून व्हायच्या आत फोडलं तर कुमासी गेलं असतं.

तिनं बाईला वाट करून दिली.

“हातांत बळ नाही गं माझ्या,” बाई त्या मुलीला म्हणाली. “मोटार स्टँडपर्यंत एवढं घेशील डोक्यावर?”

मुलीनं फडक्याची चुंबळ केली. बाईनं ते डोकं तिच्या डोक्यावर नीट बसवून दिलं. दोघी निघाल्या. ओफोरिवा फाटकापर्यंत मागोमाग गेली.

“तू का रडतेस, बाळ? तुझी मैत्रीण होती का?”

मुलीनं दोन्ही हातांनी डोक्यावरचं ओझं सावरलं.

“शेवटी काय म्हणाली गं ती?”

मान हलू न देता मुलगी म्हणाली, “आई.”

बाईनं डोळे पुसले आणि भराभर चालू लागली. डोक्यावरचं पडू नये म्हणून मुलगी हळूहळू मागून जात होती.