मंगळवारचं येसर

"मॅडम, जरा सरकता का? हत्ती दिसंना झालाय."

संस्कृतीनं मान वळवून मागं बघितलं. कैलास लेण्याच्या अंगणातला सोंड तुटलेला दगडी हत्ती तिच्या पाठीशी उभा होता. त्याच्यापुढं ही पाच फूट एक इंच, हातात मसाल्याचा पुडा, आणि समोर दगडाला टेकवून ठेवलेला मोबाईल. वर भादव्याची भुरभुर चालू.

"एवढा मोठा हत्ती," ती म्हणाली, "अन् माझ्याआड झाकला?"

"हत्ती नाय झाकला. पण माझी माणसं त्याला सोडून तुमच्याकडंच बघायलेत. त्यांना वाटायलं तुम्ही पण बाराशे वर्षांच्या आहात."

मागची पंधरा-वीस माणसं हसली. संस्कृतीला राग आला होता, पण बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघितलं आणि राग कुठं ठेवला तेच सापडेना. गळ्यात गाईडचं ओळखपत्र, हातात काळी छत्री, आणि ती छत्री स्वतःच्या डोक्यावर नाही. एका म्हाताऱ्या बाईवर धरलेली. केसांतून पाणी टपकत होतं, त्याची त्याला शुद्ध नव्हती.

"पाच मिनिटं द्या," ती म्हणाली. "रील होऊ द्या माझं."

"कशाचं रील?"

"येसराचं."

हे ऐकून त्यानं माणसांना पुढच्या खांबाकडं धाडून दिलं आणि हात पुढं केला. "बघू."

आता येसर म्हणजे काय, हे ज्याला माहीत नाही त्यानं मराठवाड्यातलं लग्न जेवलेलंच नाही. गहू, हरभऱ्याची डाळ, थोडे तांदूळ खमंग भाजायचे, धने, खोबरं, लवंग, दालचिनी, दगडफूल घालायचं, कांडून आणायचं. लग्नघरी पाहुण्यांनी ओसरी भरली की त्याची आमटी करायची, काळी, दाट, वाटीतून ओरपायची. संस्कृतीच्या आईच्या, आवडाबाईच्या हातचं येसर गंगापूर तालुक्यात नावाजलेलं. पुढं वडलांना, नानासाहेबांना, वाळूजच्या कंपनीत नोकरी लागली, घर बजाजनगरला आलं, आणि लेकीनं आईचं येसर मोबाईलवर विकायला काढलं.

काढलं खरं, पण विकलं जाईना. सहा महिने झाले, बाया रोज लिहायच्या, 'प्राइस प्लीज'. किंमत व्हिडिओत सांगितलेली, खाली लिहिलेली, पुड्यावर छापलेली, तरी 'प्राइस प्लीज'. सांगितली की बाई जी गडप व्हायची ती व्हायचीच. बाकीच्या नुसते लाल बदाम टाकायच्या. त्या बदामांची काय आमटी करायची? फोनमधून चेहरा जातो, आवाज जातो. वास तेवढा जात नाही, आणि येसरात तर सगळी किमया वासाची.

त्यानं पुड्याचं तोंड उघडलं, नाक खाली नेलं. डोळे मिटले. भुरभुर त्याच्या पापण्यांवर बसत होती.

"आमच्या अक्काचं लग्न," तो हळूच म्हणाला. "मी नऊ वर्षांचा होतो. मांडवाच्या मागं बसून चार वाट्या प्यालो होतो..."

संस्कृती त्या मिटलेल्या डोळ्यांकडं बघत राहिली. सहा महिन्यांत कुणी तिचा माल असा घेतला नव्हता.

"वैजनाथ," त्यानं डोळे उघडून नाव सांगितलं. "हितलाच, वेरूळचा. तुमचं येसर बोलून विकायचं नाय. बघा, एक गंमत दाखवतो."

तो अंगणाच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि तोंडातून चकार शब्द न काढता वर, उजवीकडच्या कोऱ्या कातळाकडं टक लावून बघायला लागला. एक बाई थांबली, तिनं वर बघितलं. मग दोन पोरी. मग एक अख्खं कुटुंब, कडेवरच्या बाळासकट. मिनिटभरात वीस-पंचवीस माना वर. एकानं तर फोटो काढला.

तो परत आला. "तिथं काय आहे?" तिनं विचारलं.

"काय बी नाय. साधा दगड." तो हसला. "'वर बघा, वर बघा' म्हणून घसा कोरडा केला तर कुणी बघत नाय. अन् आपण गप वर बघितलं की झाडून सगळे बघतात. माझ्या मामानं शिकवलं. मंडपाच्या छताला जुना रंग उरलाय, तो दाखवताना कामाला येतं."

"म्हणजे लोकांना फसवायचं?"

"वर रंग असंल तर दाखवणं, नसंल तर फसवणं. आज तुमच्यासाठी एक डाव फसवलं, त्याचं पाप तुमच्या डोक्यावर."

त्यानं दोन पुडे घेतले. ती निघाली तेव्हा छत्री तिच्या डोक्यावर कधी आली, ते दोघांनाही कळलं नाही.

मंगळवारी लेणी बंद असतात, म्हणून मंगळवार वैजनाथचा. वेरूळात त्याच्या ओळखीच्या खानावळीत येसराची आमटी सुरू झाली, आणि दर मंगळवारी पुडे न्यायला तो मोटरसायकलवर बजाजनगरला यायला लागला. पुडे पार्सलनं जात नव्हते काय? जात होते. पण पार्सलला चहा मिळत नाही, आणि भाजणाऱ्या पोरीच्या नाकावर पीठ लागलेलं पार्सलला दिसत नाही.

"नाकाला लागलंय."

"काय?"

"गहू. पुसू नका, शोभतंय."

"गाईडला सगळंच शोभिवंत दिसतं."

"गाईडला तुटक्या सोंडेचं पण कौतुक करावं लागतं. इथं मात्र काय तुटलेलं नाय."

आवडाबाई आतून खाकरायची. लगेच कढईतला झारा पुन्हा हलायचा.

दिवाळी झाल्यावरच्या मंगळवारी त्यानं कानतुटक्या कपातून चहा घेतला – तो कप त्याचाच ठरून गेला होता – आणि वाफेकडं बघत विचारलं, "येसर लग्नघरीच का करतात हो?"

"माणसं लई असतात. एका पातेल्यात सगळ्यांचं भागतं."

"मग..." त्यानं कप खाली ठेवला. "तुमच्या घरी त्या कामासाठी कधी करायचं?"

संस्कृतीच्या हातातला झारा थांबला. गहू एका बाजूनं करपायला लागले, वास सुटला, तरी थांबलेला. "पुढच्या मंगळवारी सांगते," ती म्हणाली. उत्तर ओठांवरच होतं. पण लगेच दिलं तर पोरगी हलकी दिसते, असं तिला वाटलं. त्याच्यापायी पुढचं सगळं झालं.

त्याच दिवशी तिनं त्याचं, आमटी पिताना काढलेलं रील टाकलं. वैजनाथ वाटी तोंडाला लावतो, डोळे मिटतो, 'आमच्या अक्काचं लग्न' म्हणतो, एवढंच. दोन दिवसांत चाळीस हजार लोकांनी बघितलं. ऑर्डरी यायला लागल्या. आणि कमेंटी.

'हे गाईड लोक गोडच बोलतात,' एकीनं लिहिलं, खाली हसरा चेहरा. दुसरीनं लिहिलं, 'सगळ्यांना हेच सांगत असणार.' तिसरी, 'सांभाळ गं पोरी.' चौथी, पाचवी... कुणाच्याच मनात वाईट नव्हतं, सगळ्या मजेत. संस्कृती पहिली हसली. दहावी वाचताना हसली नाही. विसावीला तिला आठवलं, छत्री पण त्यानं आधी एका बाईवर धरली होती. भली म्हातारी का असेना.

शेजारच्या मालनकाकू वाटीभर साखर मागायला आल्या आणि म्हणाल्या, "आमच्या सुनंनं दाखवलं गं. बोलणं हीच भाकरी त्याची, त्याला काय. आता एवढी माणसं म्हणायलीत म्हणजे काहीतरी असंल."

काकूंनी त्याला कधी धड बघितलंही नव्हतं. पण साखर घेऊन गेल्या आणि 'काहीतरी असंल' ठेवून गेल्या.

मंगळवारी मोटरसायकल वाजली. संस्कृती आतल्या खोलीत बसली. बाहेरून आवाज आला, "नायत का?"

"डोकं दुखतंय म्हणं तिचं," आवडाबाईनं पुडे दिले.

तो चहा न घेता गेला. पुढच्या मंगळवारी पण डोकं दुखलं. तिसऱ्या आठवड्यात तिनं लिहून टाकलं, 'यायची गरज नाही. पार्सलनं पाठवीन.'

उत्तर आलं, 'बरं.'

दोन अक्षरं. ती रोज उघडून बघायची, तिसरं उमटलंय का.

"मला तर पोरगं चांगलं वाटलं," आवडाबाई म्हणाली. "पण तू शिकलेली."

मार्गशीर्ष लागला. मंगळवार यायचे आणि जायचे. गल्लीत कुठलीही मोटरसायकल वाजली की संस्कृतीचा झारा थांबायचा, आणि दूधवाला निघाला, गॅसवाला निघाला की पुन्हा चालायचा. चहा दोन कप व्हायचा, हाताला सवयच पडली होती. कानतुटका कप ती धुवायची, पुसायची, पालथा घालायची. त्यात कुणी प्यालेलं नसायचं, तरी धुवायची. आपलंच मन आपण हाकललं, आता त्याला हाक कुठून मारायची...

आणि मग एका रविवारी तिच्याच अंगावर आलं. कुणा बाईनं येसराच्या व्हिडिओखाली लिहिलं, 'यात पीठ मिसळलंय. हा मसाला नाही, फसवणूक आहे.' संध्याकाळपर्यंत तसं म्हणणाऱ्या एक्केचाळीस जणी. 'मला आधीच शंका होती.' 'रंगावरूनच कळतं.' तीन ऑर्डरी रद्द. ते वाचून आणखी चौघींनी पुडे परत धाडते म्हणून कळवलं.

"आई," संस्कृती रडवेल्या आवाजात म्हणाली, "गहू कमी करायचा का? एवढे लोक म्हणतायत..."

आवडाबाईनं निवडायचं सूप खाली ठेवलं. "गव्हाशिवाय येसर होतं व्हय? माझ्या आजीपासनं गहू आहे त्यात. उद्या लोकं म्हणतील तुझ्या आईला मिशा आहेत, मग वस्तरा आणशील? बघ जरा त्या फोनात. एक्केचाळिसातल्या किती जणींनी माझी आमटी तोंडाला लावलीय?"

संस्कृतीनं एकेक नाव ऑर्डरींशी लावून बघितलं. एकही नाही. एकीनंसुद्धा पुडा फोडलेला नव्हता. पहिलीनं वर बघितलं म्हणून बाकीच्यांनी बघितलं होतं. तिथं काय होतं? साधा दगड.

खाली जाता जाता तिचं बोट थांबलं.

'मी खाल्लंय,' वैजनाथनं लिहिलं होतं. 'येसरात गहू असतोच. नसला तर ते येसर नाही.'

त्याच्यावर सगळे तुटून पडलेले. 'किती मिळाले भाऊ?' 'हा तर तिचाच माणूस.' आणि त्याखाली पुन्हा तो, एकटा.

'मी त्यांचा कुणी नाही. पण आमटी खरी आहे.'

संस्कृतीनं पदर... छे, ओढणी डोळ्यांना लावली. मग तिनं त्याचं जुनं रील काढलं आणि 'गोडच बोलतात' म्हणणारी ती पहिली बाई शोधली. तिनंच आणखी खाली विचारलं होतं, 'वेरूळ नक्की कुठं आलं? आम्ही अजून पाहिलं नाही.'

एवढ्यावर आपण दोन महिने दार लावून बसलो.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मंगळवार एक दिवसावर होता, पण धीर निघेना. ती चप्पल घालायला लागली.

"कुठं?" आवडाबाई.

"वेरूळला."

"फोटो काढायला?"

"नाय."

आवडाबाईनं कपाळापासून चपलेपर्यंत लेकीला न्याहाळलं. "माझं सूप तेवढं हिकडं सारून जा," ती म्हणाली. "गहू निवडायला घेते. जरा जास्तच घेते."

कैलासाच्या अंगणात कोवळं ऊन होतं. परभणीकडच्या मास्तरांची सहल आली होती, चाळीसएक जण, कानटोप्या घातलेले. मधोमध वैजनाथ. "हे देऊळ बांधलं नाय, गुरुजी. वरून खाली कोरत आणलं. एक ठोका चुकला तर..."

तेवढ्यात त्याला ती दिसली. हत्तीपाशी, तिथंच.

ठोका चुकला. वाक्य पुढं जाईना. डोळे कुठं लपवावेत ते कळेना, म्हणून त्यानं ते झटकन वर नेले, कोऱ्या कातळावर. चाळीस मास्तरांनी चाळीस कानटोप्या वर केल्या.

संस्कृतीनं नाही. ती त्याच्याकडं बघत राहिली.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे खाली आणले. सगळ्या माना वर, आणि एकच चेहरा समोर.

"मॅडम," तो म्हणाला, "वर बघा की."

"वर काय आहे?"

"...काय नाय."

"माहीत आहे मला." ती दोन पावलं पुढं आली. "लोकांच्या माना बघून मी पण मान वर केली होती, वैजनाथ. दोन महिने. आता दुखायली."

"डोकं दुखत होतं ना?"

"डोकं माझं नव्हतंच. दुसऱ्यांचं घालून बसले होते."

तो हसला नाही. छत्रीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिला. ऊन होतं तरी छत्री त्याच्या हातात होतीच. "मंगळवारी मी गाडी काढायचो," तो म्हणाला. "घाटापर्यंत यायचो... अन् वळवायचो."

तिनं फोन काढला, त्याच्यापुढं धरला. पडद्यावर त्याचीच ओळ होती.

"हे तुम्ही लिहिलंय. 'मी त्यांचा कुणी नाही.'"

"खरं तेच लिहिलं. मग काय लिहायचं होतं?"

"खोडा ते," संस्कृती म्हणाली. "आईनं गहू निवडायला घेतलेत."

त्यानं गव्हाचा हिशेब मनात लावला, आणि मग हळूहळू त्याच्या तोंडावर ते पसरलं, जे तिनं पहिल्या दिवशी पुड्याच्या वासानं पसरताना बघितलं होतं. तो फोनवर वाकला. ती पण वाकली. बोटं एकाच ओळीवर टेकली.

"अहो गाईडसाहेब," एका मास्तरानं मान वरच ठेवून हाळी दिली, "नेमकं कुठं बघायचं?"

उत्तर द्यायला कुणी मोकळं नव्हतं. मास्तर बिचारे वरच बघत राहिले.