आधी सगळे शुक्रवार

त्या ओळीशी शिवकन्येची गाठ अवचितच पडली. संगणकाच्या काळ्या पडद्यावर, सर्वांत शेवटी, ती शुभ्र अक्षरांत उभी होती — ‘श्री. सोमेश्वर यांची बदली नंदुरबार येथे करण्यात येत आहे.’

तिची बोटे कळफलकावरच थिजली.

युसूफ वडगाव या गावातल्या पाणलोट संस्थेच्या कार्यालयात कर्मचारी दोघेच, ती आणि सोमेश्वर. सोमेश्वर गावोगावच्या विहिरींचे पाणी मोजवून घेई. त्या नोंदी ईमेलने येत आणि शिवकन्या त्यांचा अहवाल रची. मागील आठवड्यात त्याचा संगणक बंद पडला. त्यातले संदेश बचावले, परंतु सुटे होऊन त्यांचा क्रम विस्कटला. संगणकाला आज्ञा लिहून ते दिनांकानुसार लावण्याचे काम तिने अंगावर घेतले, तेव्हा तो कासावीस झाला होता. “ऱ्हाऊ द्या मॅडम... मी करतो.” तिला ते सौजन्य वाटले होते. छत्री तिच्याकडे कलती धरून स्वतः भिजणारा तो माणूस!

तो जाणार होता. आणि ते तिला कळू नये, अशी त्याची इच्छा होती.

केर काढणाऱ्या भिवराबाई थबकल्या. “कावून गं अशी बसलीस? साप बघितल्यावानी.”

दुपारी सोमेश्वर परतला, तेव्हा मान वर न करता तिने विचारले, “नंदुरबार लई लांब हाय म्हणं. डबा बांधून देऊ का?”

त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. “तुम्ही... ते वाचलं?”

“शेवटचंच हाय. दिसलं.”

“शेवटचं?” तो पडद्याकडे वाकला, आणि त्याच्या ओठांवर नकळत स्मित उमटले. “मॅडम, सगळे शुक्रवार आधी कसे आले?”

तिने पाहिले, आणि स्तंभित झाली. संदेशांच्या दिनांकात आरंभी इंग्रजी वार असतो; तिच्या आज्ञेने अक्षरक्रमच पाळला होता. फ्रायडे प्रथम, वेन्सडे अखेरीस. बदलीचा तो आदेश महिन्याभरापूर्वीच्या एका बुधवारचा होता.

लज्जित होऊन तिने आज्ञा नव्याने लिहिली. तोच त्याने कळफलकावर हात ठेवला. “नका ना... मीच सांगतो. उद्या.”

तिने तो हात हळूच बाजूस केला — सोडायला मात्र किंचित विलंब लावला — आणि कळ दाबली.

बदलीचा आदेश वर गेला. तळाजवळ त्याचे साहेबांना लिहिलेले पत्र आले: ‘बदली रद्द व्हावी. येथील सहकारी शिवकन्या यांच्याशी विवाह करण्याचा मानस आहे. त्यांना अद्याप विचारलेले नाही.’

तिने ती ओळ पुन्हा वाचली. “साहेबांना आधी... आणि मला न्हाई?”

“बदली टळल्याबिगर,” तो पुटपुटला, “कोणत्या तोंडानं विचारणार?”

त्याखाली साहेबांचा आणखी एक संदेश होता. संगणक बंद पडला त्याच दिवशी आलेला; सोमेश्वरनेही तो पाहिला नव्हता. ‘सदर सहकाऱ्यांची लेखी संमती प्राप्त होताच बदली रद्द करण्यात येईल.’

तो मटकन खुर्चीत बसला. त्याचे कान लाल झाले. भिवराबाईंचा झाडू एकाच जागी फिरू लागला.

शिवकन्येने कळफलक आपल्याकडे ओढला.

“सरका जरा,” ती म्हणाली. “संमती माझी हाय. पत्र तुम्ही कसं लिहिणार?”