अकरा पॉइंट आठ

तो तिच्याशी बोलला तो पहिला शब्द होता, "थुंक!"

प्रेमकथेच्या सुरुवातीला हा शब्द काही शोभत नाही, हे मान्य. पण घडलं ते असंच. पायाभूत विज्ञानाच्या वर्गाचं पहिलंच प्रात्यक्षिक, दुपारचे चार वाजलेले, आणि ती पिपेट तोंडात धरून विरल आम्ल वर ओढत होती. सावकाश ओढायचं, खुणेच्या वर गेलं की बोट दाबायचं, बस्स. तिने सरबत प्यावं तसं ओढलं. तोंडभर आंबट! गाल फुगवून, डोळे विस्फारून ती तशीच उभी राहिली, कारण चारचौघांत थुंकायचं कसं?

शेजारच्या टेबलावरून एक मुलगा झेपावला. कोपराला धरून त्याने तिला बेसिनपाशी नेलं आणि नळ सोडला. "थुंक! आधी थुंक!"

ती थुंकली. पाच-सहा चुळा भरल्या. दात चांगलेच आंबले होते. मान वर केली तर तो अजून काळजीने पाहत होता, आणि त्याचे हात मनगटापर्यंत निळे होते.

"माफ करा," तो चाचरत म्हणाला, "थुंका… थुंका म्हणायला हवं होतं मी."

तिला हसू फुटलं, आणि उरलेली चूळ त्याच्या शर्टावर गेली.

त्याला सगळे रंगारी म्हणत. सकाळपाळीला तो सूत रंगवायच्या कारखान्यात कामाला जायचा. तिथे वाफाळत्या हौदावर वाकून उभं राहायचं. त्याचे वडील त्याच हौदावर तीस वर्षं उभे राहिले आणि आता घरी बसून खोकत होते. मालकाने शब्द दिला होता, या वर्षीचं विज्ञानाचं सर्टिफिकेट आण, तुला हौदावरून काढून तपासणीच्या खोलीत घेतो. त्या खोलीला खिडक्या होत्या. रंगारी या वर्गात आला होता तो त्या खिडक्यांसाठी.

आणि ती? तिला वर्गाने 'विदुषी' करून टाकलं होतं, कारण मॅडमचा प्रश्न संपायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं. तिला नर्सिंगला जायचं होतं. थोरल्या बहिणीकडे राहायची. ताई घरीच शिवणकाम करायची आणि मशीन चालवता चालवता येणाऱ्या-जाणाऱ्याला हिचं कौतुक ऐकवायची. तोंडाने विदुषी फार हुशार. हात मात्र… हातांची बोंब! ब्युरेटमधून सोड्याचं द्रावण थेंबथेंब आम्लात सोडायचं, आणि ज्या थेंबाला फिका गुलाबी रंग येऊन टिकेल, तिथे थांबायचं. हिला थांबताच यायचं नाही. दर वेळी भडक राणी रंग!

"एवढी घाई कसली आहे तुम्हाला?" रंगाऱ्याने एकदा विचारलं.

"मला कुठे? थेंबालाच घाई आहे."

"थेंब बिचारा टोकाला लोंबकळून वाट बघतोय. तुम्हीच ढकलता त्याला."

"बरं, तुम्ही शहाणे. सांगा मग, आम्ल म्हणजे काय?"

त्याने डोकं खाजवलं. "आम्ल म्हणजे… ज्याने शर्टाला भोक पडतं ते."

मग सौदाच ठरला. तिने त्याला व्याख्या शिकवायच्या, त्याने तिला ब्युरेटची तोटी फिरवायला. तो तिच्या मागे उभा राहून हळूच म्हणायचा, "आता एक… थांब… अर्धाच…" आणि तिला थेंबाऐवजी त्याचा श्वास ऐकू यायचा. प्रयोग बिघडायचा तो बिघडायचाच! तिसऱ्या महिन्यात 'तुम्ही' कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही. वर्गाला मात्र कळलं. वर्गाला सगळं आधी कळतं.

परीक्षेच्या दिवशी तिचा पहिला प्रयोग राणी रंगाचा झाला. दुसराही. तिसरा, चौथा… बोटं ऐकेचनात. समोरच्या टेबलावर रंगारी तीन वेळा किती मिलिलिटर सोडा लागला ते तिन्ही आकडे लिहून मोकळा झाला आणि उरलेल्या डिस्टिल्ड पाण्याचं भांडं ठेवायला मागच्या खोलीत गेला. वही उघडीच होती. वेळ संपायला बारा मिनिटं होती.

अकरा पॉइंट आठ. अकरा पॉइंट नऊ. अकरा पॉइंट आठ.

तिने लिहिले. वर्षभर घाई करणारा तो हात तेव्हा मात्र अगदी सावकाश चालला. अक्षर तर असं सुरेख आलं की बघत राहावं.

बुधवारी मॅडम वह्यांचा गठ्ठा घेऊन आल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं.

"सगळ्यांना एकाच बाटलीतलं आम्ल दिलं होतं. उत्तर अकरा पॉइंट दोनच्या आसपास यायला हवं. आलंही आहे. फक्त दोन वह्यांत अकरा पॉइंट आठ, नऊ, आठ. चूक व्हायला माझी हरकत नाही. पण दोन माणसं तीच चूक, एका थेंबाचाही फरक न पडता करत नाहीत. कुणी कुणाचं पाहिलं?"

त्यांनी दोघांची नावं घेतली. वर्गाने मान वळवली ती थेट रंगाऱ्याकडे. मागून कुणीतरी खुसखुसलं, "विदुषीने रंगाऱ्याचं पाहिलं असेल, हो ना?" आणि हशा पिकला.

रंगाऱ्याने तिच्याकडे पाहिलं. एकदाच. त्याला सगळं उमगलं होतं, आणि तो वाट पाहत होता. तिने फक्त तोंड उघडायचं होतं. त्या वर्गात उत्तर द्यायला ती कधी कुणाच्या मागे राहिली नव्हती! पण ती टेबलावरच्या आम्लाच्या डागाकडे बघत बसली.

"मी पाहिलं नाही, मॅडम," तो म्हणाला. तिचं नाव त्याने घेतलं नाही.

"हिची उत्तरं मी वर्षभर ऐकते आहे," मॅडम म्हणाल्या. "तुझा निकाल मी राखून ठेवते आहे. सोमवारपर्यंत खरं काय ते येऊन सांग."

तो पिशवी उचलून बाहेर गेला. कुणी तिच्या पाठीवर थाप मारली, कुणी म्हणालं, बिचारी, साधी आहे, फसली. तिला स्वतःच्या पाठीची शिसारी आली.

शुक्रवारी शेजारच्या काकू पडद्यांचं माप घेऊन आल्या होत्या. ताई मशीन चालवत सांगत होती, "आमच्या हिची म्हणे कुणी कॉपी केली. शाळेपासून हेच चाललंय. हिच्या वहीवर सगळ्यांचा डोळा!"

"तो रंगारीच ना?" काकू म्हणाल्या. "त्याचे वडील काल दवाखान्याच्या जिन्यात भेटले. दम लागलेला, तरी मलाच विचारत होते, तुमच्या शेजारच्या मुलीला काही माहीत आहे का हो? आमचा असा नाही म्हणून."

विदुषी तिथेच जेवत होती. तोंडातला घास तोंडातच राहिला. काकू जाईपर्यंत ती गिळतही नव्हती, टाकतही नव्हती. मग म्हणाली, "ताई… कॉपी मी केली."

मशीन थांबलं. ताईने सुई वर घेतली, दोरा तोडला, कापड बाजूला ठेवलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मग इथे काय करतेस?" ताई म्हणाली.

मॅडम प्रयोगशाळेत बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत होत्या. तिने सगळं सांगितलं. मॅडमनी मान वर केली नाही.

"मित्राला वाचवायला खोटं बोलणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्यात. खरंच तू पाहिलं असशील, तर अकरा पॉइंट आठ आले कसे, हे तुला माहीत नसणार. त्याला माहीत असणार. बोलाव त्याला."

तो व्हरांड्यातच होता. बुधवारपासून तो वर्गात बसत नव्हता, पण घरीही सांगता येत नव्हतं, म्हणून रोज वेळेवर येऊन खिडकीपाशी उभा राहायचा. ती समोर जाऊन उभी राहिली आणि तिला हाकच मारता येईना. "मॅडम… बोलावतात," एवढंच कसंबसं म्हणाली.

"अकरा पॉइंट आठ कसे आले?" मॅडमनी त्याला विचारलं.

"तिन्ही फ्लास्क पाण्याने विसळायचे, ते मी आम्लाने विसळले. आत थोडं राहून गेलं. तेवढा सोडा जास्त लागला." उत्तर ताबडतोब आलं. मनात शंभरदा म्हणून झालं असावं.

"तू? अख्ख्या वर्गाला फ्लास्क पाण्याने विसळा म्हणून सांगत फिरतोस तो तू?"

"लक्ष नव्हतं, मॅडम."

"कुठे होतं?"

रंगाऱ्याचे कान तापलेल्या तव्यासारखे लाल झाले.

"प्रश्न विचारलाय मी."

"हिच्याकडे," तो जमिनीला सांगितल्यासारखं म्हणाला. "हिचा दुसऱ्यांदा राणी रंग झाला होता. रडवेली झाली होती ही. मी… मी तिकडेच बघत होतो. हाताला आली ती बाटली आम्लाची होती."

मॅडमनी चष्मा पुसायला घेतला आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ पुसला.

कुणी आपल्याकडे असं पाहिलं होतं, हे कळायला मुली किती झुरतात! हिला ते कळलं, आणि जमीन दुभंगली असती तर तिने खुशाल आत पाऊल टाकलं असतं. तो तिच्या काळजीने चुकला होता, आणि तिने नेमकी तीच चूक उचलून आपल्या सुरेख अक्षरात लिहिली होती.

निकाल सरळ लागला. त्याची वही खरी. चुकीचे दोन गुण कापून तो पास. तिचं प्रात्यक्षिक रद्द, पुढच्या वर्षी पुन्हा. नर्सिंगही एक वर्ष लांबलं. "आणि सोमवारी वर्गासमोर सांगायचं," मॅडम म्हणाल्या. "ते याला हसले होते, तुझ्या जिवावर."

दोघं बाहेर आले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ती थांबली.

"मला तुझ्याकडे बघवत नाही."

"मग खाली बघून ऐक," तो म्हणाला. "राग आलाय मला. खूप. तुझ्याकडे पाहिलं तेव्हा एका वाक्याचं काम होतं."

"हो."

"बाबा तीन दिवस एकच विचारताहेत, खरं सांग, पाहून लिहिलंस का? बाबांनी मला विचारलं. कळतंय तुला?"

तिला कळत होतं. ती रडत होती आणि डोळे पुसत नव्हती. पुसायलाही संकोच वाटत होता.

"आणि तरी…" त्याचा आवाज खाली आला. "तरी रोज इथे खिडकीपाशी आल्यावर मी आधी तू आलीस का तेच पाहायचो. याचं काय करायचं, सांग. तुला सगळं येतं ना?"

"हे नाही येत."

"प्रयत्न कर."

"मलाही तू… मला फार दिवसांपासून…" तिने मान हलवली. "नाही. आज नको. आज ते बोलायची मला लाज वाटते. ही लाज गेली की सांगेन."

"ती इतक्यात नाही जायची. लाजेसकट सांग."

मग तिने सांगितलं. अडखळत, मध्येच थांबत, निम्मी वाक्यं गिळत… वर्गात जिने कधी एक शब्द चुकवला नाही ती. तो ऐकत राहिला. हसला नाही, हातही पुढे केला नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "सोमवारी मी पहिल्या बाकावर बसेन. वर्गाकडे बघून बोलू नकोस. माझ्याकडे बघून बोल."

सोमवारी वर्ग खच्चून भरला होता. तो खरंच पहिल्या बाकावर होता, निळे हात बाकावर ठेवून. ती फळ्यासमोर उभी राहिली. मान आपोआप खाली गेली… आणि तिने ती मोठ्या कष्टाने वर आणली.

"अकरा पॉइंट आठ हे उत्तर याचं होतं," ती त्याच्याकडे बघत म्हणाली. "याने प्रयोग करून काढलं होतं. मी पाहून लिहिलं. आणि हा तुमच्यासमोर उभा राहून खरं बोलत होता तेव्हा मी गप्प बसले."

या वेळी कुणी हसलं नाही. तिचं बोलणं संपलं, तरी तिने नजर खाली घातली नाही.