माळावरचे पंच

सोलापूरहून बार्शी रस्त्याला लागलं की अर्ध्या तासात आमचं अभयारण्य येतं. अभयारण्य म्हटलं की लोक झाडं शोधतात. इथं गुडघाभर कुसळी गवत, मुरूम, काळविटं आणि वारा, एवढंच आहे. फाटकावर माळढोकाचं चित्र आहे; पक्षी दिसणं ज्याच्या त्याच्या नशिबावर. मी इथली वनरक्षक. भांडखोर म्हणून माझी ख्याती आहे आणि ती मी मेहनतीनं कमावली आहे.

जानेवारीत आम्ही जाळरेषा काढतो. उन्हाळ्यात वणवा आत शिरू नये म्हणून हद्दीलगतचा गवताचा पट्टा आपणच आधी जाळून टाकायचा. यंदा पूर्वेकडचा पट्टा पहिल्यांदाच माझ्याकडे आला. सकाळी नऊला वारा पडल्यावर पेटवला. ओली पोती घेऊन आम्ही सहा जण कडेनं उभे होतो. तासाभरात सगळं काळं झालं, पण सात ठिकाणी गवत उभंच राहिलं. पिवळं, खडखडीत वाळलेलं, कडा दोरी धरून आखल्यासारख्या सरळ.

मी टेप लावली. सातही तुकडे बारा फूट बाय नऊ. आत काडी लावली, विझली. दुसरी लावली, तीही विझली. मुळाशी हात घातला तर माती कोरडी ठणठणीत आणि कोमट, नुकत्याच विझवलेल्या चुलीसारखी. आत्ताच आग गेली आहे, ऊब राहणारच, असं मी मनाशी म्हटलं. मग जळालेल्या भागावर हात ठेवला. तो गार होता.

"घरं हायेत ती," मागून मनकर्णाबाई म्हणाल्या. त्या रोजंदारीवर येतात, साठी ओलांडली तरी माझ्यापेक्षा भराभर चालतात. "आमची वस्ती हुती हितं. मानमोडीची साथ आली, आठ दिसांत सात घरं गेली. गावानं पाणीबी दिलं न्हाय. उचलायला कोण न्हाय, मग ज्याच्या त्याच्या घरातच माती लोटली. माजी आजी तेवढी वाचली."

"दर वर्षी असंच राहतं गवत?"

"व्हय की. टेप लावणारं मानूस यंदा आलं."

मानमोडीला, म्हणजे एकोणीसशे अठराच्या त्या तापाच्या साथीला, शंभरावर वर्षं झाली. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. पण माणसं मेली होती आणि त्यांची कुठं नोंद नव्हती, यावर विश्वास ठेवायला मला भूत लागत नाही.

त्याच आठवड्यात आमचे नवे साहेब एक कागद घेऊन आले. पूर्वेकडचे सहा एकर हद्दीतून वगळायचे होते, मुरमाच्या खाणीसाठी. त्याला स्थळ पंचनामा लागतो: सदर जागेवर पूर्वी वस्ती, थडगी, देवस्थान काही नव्हते. खाली पाच पंच आणि वनरक्षकाची सही.

माझं डोकंच फिरलं. सात घरांतली माणसं पोकलेनच्या दातांत वर येणार होती.

"तिथं माणसं पुरलेली आहेत, साहेब. मी सही करणार नाही."

"पुरावा काय?"

"चला, दाखवते."

"न जळलेलं गवत?" साहेब हसले. "बदली फार लांब होते, मॅडम."

"खुशाल करा. माझी सही मिळणार नाही."

गावातून पंच व्हायला कुणी आलं नाही. मग साहेबांनी टेबलाइतकीच जुनी युक्ती काढली. ऑफिसात चहा पिता पिता पाच नावं मनानंच लिहिली आणि मला ऐकू जातील अशी वाचायला घेतली.

"भिवा मसू. धोंडी सटवा. लखू येदू."

"असली नावं आता कुणाची असतात?" मी विचारलं.

"आली तोंडाला. अंगठे उद्या कुणाचे तरी उठवू."

मनकर्णाबाई दारात झाडत होत्या. झाडू थांबला.

"राणू लखू," त्या म्हणाल्या. "आन् गोदी भिवा."

साहेबांनी कागदाकडं पाहिलं. मीही पाहिलं. चौथं राणू लखू, पाचवं गोदी भिवा. साहेबांनी ती अजून वाचली नव्हती.

"भिवा मसू माजा पणजा," बाई म्हणाल्या. "गोदी आजीची थोरली भन. ह्या गेलेल्या मानसांनी काय लिवून दिलंय तुमाला?"

साहेबांनी चहाचा कप बाजूला सारला. कागद ड्रॉवरमध्ये घातला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला त्यांनी माझ्यासमोर ड्रॉवर उघडला.

कागदावर पाच अंगठे उठलेले होते. शाई नव्हती, काजळी होती.

अंगठे नावांपुढं नव्हते. ते वरच्या मजकुरावर होते. 'काही नव्हते' या शब्दांवर पाचही, एकावर एक, दाबून.

साहेबांनी कागद फाडला. लगेच नवा लिहिला. या वेळी पंचांची जागा कोरी ठेवली. पुन्हा कुलूप.

"लिहा," मी म्हटलं. "कितीदा लिहिता ते बघते."

मी समोरच्या खुर्चीत बसून राहिले. जेवायलाही उठले नाही.

तीनला त्यांनी ड्रॉवर उघडला आणि खुर्ची मागं सरकवली.

कागदावर मजकूर उरलाच नव्हता. नुसते अंगठे.

मी तो उचलला. साहेबांनी अडवलं नाही. वऱ्हांड्यात जाऊन बसले आणि माझा अहवाल लिहायला घेतला. सदर जागेवर वस्ती आहे. खाणीस हरकत आहे. हरकतदारांची यादी सोबत.

मनकर्णाबाई शेजारी टेकल्या. एकेका अंगठ्यावर बोट ठेवून नावं सांगू लागल्या, आजीनं पाठ करून घेतल्यासारखी. कुठं अडखळल्या नाहीत. मी लिहीत गेले. सदतीस झाली.

कोपऱ्यात आणखी एक ठसा होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. बाईंचं बोट त्याच्यापाशी थांबलं.

"ह्याचं लिवू नगा," त्या म्हणाल्या. "बारसं व्हायचं ऱ्हायलं हुतं."

मी अडतीस आकडा घातला, पुढची जागा कोरी सोडली आणि खाली सही केली.