शेपटीखालची शाळा

तेन्मोळीनं खोकं उघडलं आणि ती दचकलीच. आत टपरीवरून घेतलेले बोंडे नव्हते. कोंबडीची तीन मेलेली पिल्लं होती, नेसायच्या जुन्या वेष्टीच्या तुकड्यात नीट गुंडाळलेली.

"अहो, ते माझं!" एक उंच तरुण धावत आला. त्याच्या हातात तिचं खोकं. "टपरीवर खोकी बदलली. माफ करा हं… एक बोंडा मी खाल्ला."

"पिल्लांच्या जागी बोंडे निघाले, तरी खाल्लात?"

"घाबरलो की मला भूक लागते."

नामक्कलच्या कोंबडी-तपासणी प्रयोगशाळेत ती डॉक्टर होती. तिच्या आधी तिचे अप्पा तिथेच होते. तो तरुण मुगिलन, नवा कोंबडीपालक. पाच हजार पिल्लांची त्याची ही पहिलीच खेप.

"काल 'या, दाणे घ्या' म्हटलं, तर आलीच नाहीत हो. सकाळी ही तिघं गेलेली."

त्या भागात कुत्र्यालाही अहो-जाहो करतात, पण पिल्लांना? तिनं कसंबसं हसू आवरलं.

प्रयोगशाळेत एका पिल्लाच्या शेपटीखालून तिनं वाटाण्याएवढी पिशवी काढली. "गंबोरो रोग असेल तर तो आधी इथेच घाव घालतो. मग वाचलेली पिल्लंही कुठल्याच रोगाशी लढू शकत नाहीत. ही पिशवी म्हणजे पेशींची शाळा. रक्तातल्या पेशी इथे येतात, परका ओळखायला शिकतात आणि अंगभर पसरतात."

"कधी कळेल?"

"तीन दिवसांनी. रोज यायची गरज नाही."

तो रोज आला. येताना बोंडे आणायचा — एकाची फेड म्हणून चार.

चौथ्या दिवशी तिनं पिशवीच्या पातळ कापाची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. वर्षापूर्वी, अप्पा जायच्या आधी, त्यांच्या रक्ताची काच तिनं पाहिली होती. तेव्हापासून ती काचेत फक्त उत्तर शोधायची आणि डोळा काढून घ्यायची. आजही तसंच केलं.

"या. बघा."

मुगिलननं डोळा लावला आणि श्वास घ्यायचाच विसरला. जांभळ्या ठिपक्यांनी गच्च भरलेली घरं, घराला घर लागून…

"एवढ्या पेशी… त्या वाटाण्यात?"

"गंबोरोत ही घरं रिकामी दिसतात. तुमची भरलेली आहेत. पिल्लं थंडीनं एकमेकांवर चढून गुदमरली. उबेचा दिवा खाली घ्या."

तो स्टूल ओढून बसला.

"मोठेपणी ही पिशवी केवढी होते हो?"

"होत नाही. पक्षी वयात आला की विरून जाते. शोधूनही सापडत नाही."

"मग त्यांना सांभाळतं कोण?"

"इथून शिकून गेलेल्या असतात ना…" तिची नजर स्टुलाकडे गेली. अप्पांनी ह्याच स्टुलावर उभं करून तिला पहिली काच दाखवली होती. "त्या विसरत नाहीत."

तो पुन्हा काचेवर वाकला.

"अगं, बघ ना… ही कडेची कशी दाटीनं बसलीयत!"

मग त्याचे कान लाल झाले. "म्हणजे… बघा. चुकलो. मी तर कोंबडीलासुद्धा —"

"पाच हजारांना अहो म्हणता," ती म्हणाली, "आणि एकीला अगं."

"परत… घेऊ?"

खिडकीबाहेर अंड्यांची लॉरी घरघरत गेली. ती वर्षभरात पहिल्यांदाच घाई न करता सूक्ष्मदर्शकाकडे वळली.

"नको. सरक जरा… मलाही बघू दे."